आबांचा हात कोणी उचलला

दादा,

काल तुझा तेरावा झाला. जेवणं उरकली, मंडळी पांगली, आणि मी संध्याकाळच्या एसटीने गावाहून रोह्याला परत आले. आज सकाळी जाग आली तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते असं, की तुला फोन लावून सांगावं, काल आमटीत मीठ अजिबात नव्हतं. तुझ्याच तेराव्याच्या जेवणाची तक्रार तुझ्याकडेच करायची होती मला. फोन हातात घेतलाही होता. मग आठवलं, आणि फोन खाली ठेवला.

आता लिहायला बसलेय त्याला कारण आहे. केतकीला काल तेराव्याला यायला जमलं नाही, ती आज दुपारच्या गाडीने येतेय. माझ्या लेकीने ती तपासणी करून घेतली, दादा. तिने रक्त दिलं तेव्हा तू दवाखान्यात होतास, म्हणून तुझ्या कानावर घातलं नाही. परवा तिला बोलावून निकाल सांगितला. आबांना होतं ते, तुला झालं ते, तिच्यात उतरलंय की नाही, एवढंच त्यात आहे. पण तिच्यात ते असेल तर वाटेत कुठे तिला चिकटलेलं नसणार, माझ्यातूनच गेलेलं असणार. तिचं 'नाही' निघालं तर माझं मला अजून ठाऊक नाही. तिचं 'आहे' निघालं तर मलाही आहे, आज ना उद्या हातात येणारच. हे सगळं तिनेच मला मागे एकदा कागदावर चौकटी काढून समजावलं होतं. मी विज्ञानाची शिक्षिका, मला! मी गुपचूप समजून घेतलं.

फोनवर म्हणाली, 'आई, तू विचारलंस तर सांगेन. नाही विचारलंस तर तो विषय मी कधीच काढणार नाही. तुझं तू ठरव.'

तुझं तू ठरव. आणि हे कोणाला, तर तुझ्या बहिणीला, जिने पंचवीस वर्षं तुझं डोकं खाल्लं की माणूस काही ठरवत नसतो, मेंदू परस्पर उरकून घेतो आणि आपल्याला मागाहून कळवतो. तू असतास तर मांडीवर थाप मारून हसला असतास. गाडीला अजून पाच तास आहेत. हे कंपनीत गेलेत, घरात मी एकटी. तोवर आपला वाद जिथे तुटला तिथून पुढे नेते. तुला मध्येच बोलता येणार नाही ही माझी सोयच आहे.

सुरुवात पेणजवळ जोह्याच्या त्या गणपतींच्या कारखान्यात झाली होती. केतकी तेव्हा पोटात होती. मी शाळेत नुकती लागले होते, आणि नव्या मास्तरणीला जो माज असतो तो माझ्यात पुरेपूर होता. गणपतीच्या आधीचे दिवस. फळ्यांवर रांगेने मूर्ती, अंगाला रंग लागलेला, डोळे कोरे. पितांबर, दागिने बाकीची मंडळी करायची, डोळ्यांची आखणी मात्र तुझी. तुझा ब्रश लागेपर्यंत ते सगळे तसेच बसलेले. मला तिथे कधी बरं वाटलं नाही, हे तुला बोलले नव्हते. एवढे चेहरे, आणि एकही बघत नाही.

मी तुला तो प्रयोग सांगितला. माणसाला खुर्चीत बसवतात, डोक्याला तारा लावतात. सांगतात, तुझ्या मनाला येईल तेव्हा मनगट हलव, आणि मनात आलं तेव्हा समोरच्या घड्याळात काटा कुठे होता ते ध्यानात ठेव. निघतं काय, तर त्याच्या मनात यायच्या आधीच मेंदूत गडबड सुरू झालेली असते. म्हणजे काम आधीच लागलेलं असतं, आणि हा म्हणतो मी ठरवलं. एवढं सांगून मी मोठ्या ऐटीत तुझ्याकडे बघितलं. तू ब्रश पाण्यात खळबळवत विचारलंस, तो माणूस त्या खुर्चीत बसला कशाला? मी म्हटलं, प्रयोगासाठी. तू म्हणालास, मग ठरलं ना तिथंच. मनगट हलवीन असं घरूनच ठरवून आला तो, आता नेमकं कधी हलवायचं ते हातावर सोडलंन. मी पण सोडतो.

आणि मला दाखवलंस. वरच्या पापणीची रेघ मारायच्या आधी तू श्वास धरायचास. ब्रश टेकायच्या आधी एवढंसं थांबायचास. म्हणालास, रेघ हात मारतो, मी विचार करत बसलो तर वाकडी जाईल. पण त्या हाताला पंधरा वर्षं शिकवलं मी, आणि टेकायच्या आधी मला वाटलं तर मी नको म्हणू शकतो. 'तेवढं माझं हाय,' असं म्हणाला होतास. मला तेव्हा ठाऊक नव्हतं की तो प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञाचंही शेवटी जवळपास हेच म्हणणं होतं: सुरुवात आपल्या हातात नसेलही, पण शेवटच्या घटकेला थांबवणं असतं. मी ते नंतर वाचलं, आणि वाचूनही तुला बरीच वर्षं सांगितलं नाही. हरायला मला आवडत नाही, तुला काय नव्याने सांगायचं.

तू पण काही कमी नव्हतास. एकदा विचारलंस, कुणी काही ठरवत नाय, तर वर्गात दंगा करणाऱ्या पोरांना बाहेर का उभी करतेस? त्यांच्या मेंदूने दंगा केला, पोरांचा काय दोष? मी म्हटलं, त्यांना बाहेर उभं करणं हेही माझ्या हातात नाही. तू इतका हसलास की हातातला चहा एका ताज्या रंगवलेल्या पितांबरावर सांडला आणि मालकाची बोलणी खाल्लीस. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलाला बाहेर काढताना मला तुझं हसणं आठवलं, आणि मी त्याला परत आत घेतलं. हेही तुला सांगायचं राहिलं.

पण माझ्याकडे हुकमाचा पत्ता होता आणि तो मी दर वेळी टाकायचे. तो म्हणजे आबा.

गागोद्याच्या बाजूच्या आपल्या गावात आबांना काय होतंय ते कोणालाच कळलं नव्हतं. भात झोडताना हात भलतीकडेच जायचा. मान झटका द्यायची, बसल्या जागी पाय नाचायचे. गावाने दोन वर्षं बघितलं आणि ठरवून टाकलं की आबांच्या अंगात वारं येतं, देवीचं. नवरात्रात त्यांना देवळात बसवायला लागले. प्रश्न विचारायचा, आबांचा उजवा हात वर गेला की होकार, डावा गेला की नकार. विहीर इथे खणायची का, म्हैस काढायची का, मुलगी त्या घरात द्यायची का. आजूबाजूच्या वाड्यांवरून माणसं नारळ घेऊन यायची. आबांना त्यातलं काही नको होतं. मी जवळून बघितलंय त्यांना त्या वेळी, ते घाबरलेले असायचे. पण गावात मान मिळत होता, आणि दुखणं म्हणण्यापेक्षा देवी म्हणणं घरालाही सोपं गेलं. आईसुद्धा वाकून नमस्कार करायची त्यांना.

माझं लग्न तसंच ठरलं. दोन स्थळं होती. एक गावाजवळचं, भातशेती मोठी, पण सुनेने नोकरी करायची नाही. दुसरं रोह्याचं, मुलगा धाटावच्या कंपनीत, जमीन नाही, पण पुढे बी.एड. करू देऊ म्हणत होते. काकांच्या मनात पहिलं होतं. मला कोणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. आपल्या घरात तेव्हा मुली कुठे बोलायच्या. अष्टमीला देवळात काकांनी प्रश्न टाकला, पोरगी रोह्याला द्यायची का? तू नेहमीसारखा आबांच्या मागे बसला होतास, ते पडू नयेत म्हणून त्यांना धरून. आबांचा उजवा हात वर गेला. चांगला खांद्याच्या वर गेला. काकांचं काही चाललं नाही, आणि मी रोह्याला आले.

पुढे आबांना मुंबईला नेलं तेव्हा डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं. तू आणि मी ते नाव घरी कधी उच्चारलं नाही, 'ते' म्हणायचो, आजही मी लिहीत नाही. मेंदूच्या आतला एक भाग झिजत जातो, हालचालींना आवर घालणारा. म्हणजे ब्रेक आधी जातो. मग बोलणं जातं, मग गिळणं, आणि मध्येच केव्हातरी स्वभाव. आईबापांपैकी एकाकडून येतं, आणि प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. आपण बाहेरच्या बाकावर बसलो होतो. तू मला विचारलंस, निम्मी म्हणजे तू का मी? मी म्हटलं, तसं नसतं रे, दोघांनाही असेल, दोघांनाही नसेल, ज्याचं त्याचं वेगळं. तू मान हलवलीस.

तपासणी तूही केली नाहीस, मीही नाही. तू लग्नही केलं नाहीस. त्या भीतीने का, असं विचारलं तर म्हणालास, नाय गो, जमलं नाय. खरं काय ते तुलाच ठाऊक. केतकी तोवर चालायला लागली होती, त्यामुळे मूल होऊ द्यावं की नको, असा विचार करण्यासारखं माझ्या बाबतीत काही उरलंच नव्हतं.

तर हा माझा पत्ता. वाद रंगात आला की मी तो आपटायचे. माझा नवरा, माझी नोकरी, माझी लेक, सगळं आबांच्या मेंदूतल्या किडलेल्या पेशींनी ठरवलं. एक हात उगाच उडाला आणि त्यातून माझं आयुष्य झालं. सांग बघू, यात कोणी काय ठरवलं? तू ब्रश धूत बसायचास. मला वाटायचं, जिंकले.

मग ते तुझ्या हातात आलं.

बारा वर्षं झाली. मी कारखान्यात तुझा डबा घेऊन आले होते. तू एक मूर्ती बाजूला काढून ठेवली होतीस, तोंड भिंतीकडे करून. मी सहज फिरवली. डावा डोळा नीट होता. उजव्याची पापणी डोळ्याच्या बाहेर निघून थेट कानापर्यंत गेली होती. मी विचारलं, ब्रश सरकला का रे? विचारताना उत्तर मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तुला दिसत होतं. मग मी फळीवरच्या बाकीच्या मूर्ती बघितल्या. एकही नीट समोर बघत नव्हती. सगळ्यांची नजर जराशी बाहेर, दाराकडे, कोणी येतंय म्हणून बघावं तशी. मालक भला माणूस, त्याने आठवडाभर ते डोळे दुसऱ्याकडून सारखे करून घेतले आणि तुला कळू दिलं नाही. तुला कळलं होतंच. त्या हंगामानंतर तू ब्रश हातात घेतला नाहीस.

आणि त्याच वर्षी, घट बसायच्या आधी, गावची मंडळी पेणला तुझ्या खोलीवर आली. हार, नारळ, सगळं घेऊन. मी होते तिथे. म्हणाली, वारं आता तुझ्यात आलंय, आबांच्या जागी चल. तू दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होतास. 'हे वारं नाय,' तू म्हणालास, 'दुखणं हाय. आबांना पण दुखणंच होतं.' त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, समजूतदार माना हलवल्या, आणि जाताना एकेक करून तुझ्या पाया पडली. एका म्हातारीने तर तुझा सुटलेला हात धरला आणि कपाळाला लावला. दार लावून घेतल्यावर तू म्हणालास, आबांनी पण सांगितलं असंल गो, कुणी ऐकलं नसंल. चांगली माणसं होती सगळी, लहानपणापासून ओळखते मी त्यांना. त्या दिवशी मला त्यांची भीती वाटली.

शेवटची चार वर्षं तू माझ्याकडे राहिलास, आणि मी परत तेच उकरायला लागले. माझी मेलीची खोडच ती. तुझं बोलणं जड झालं होतं, एक वाक्य जुळवायला मिनिट लागायचं. मी म्हणायचे, बघ, आता तुझा हात तुझं ऐकत नाही, आबांचा त्यांचं ऐकत नव्हता, त्याच हाताने माझं लग्न लावलं, आता तरी मान. मला जिंकायचं नव्हतं, दादा, खरंच सांगते. तुला चिडवलं की तुझ्या डोळ्यांत तू परत यायचास, थोडा वेळ का होईना, म्हणून. एके दिवशी मी बिरड्याचे वाल सोलत होते. तू खूप वेळ तोंड जुळवत राहिलास. मग म्हणालास,

'तो हात मी उचलला.'

मला वाटलं, आता डोकंही गेलं. तू परत तेच म्हणालास. मग तुकड्यातुकड्याने सगळं सांगितलंस. आबांचा डावा हात उडायला लागला होता. तू तो मागून त्यांच्या कुशीशी दाबून धरलास, आणि उजव्याच्या कोपराखाली हात घालून तो वर ढकललास. भरल्या देवळात, देवीच्या समोर, अख्ख्या गावाच्या डोळ्यांदेखत. आणि पुढे इतकी वर्षं मी तुझ्या तोंडावर तोच पत्ता आपटत होते, आणि तू ब्रश धूत होतास.

वाल तसेच टाकून मी उठले. आधी रागच आला. देवळात लबाडी केलीस म्हणून नव्हे, मला एवढी वर्षं मूर्ख ठेवलंस म्हणून. मागच्या दारी जाऊन रडले. परत आले आणि विचारलं, का केलंस? म्हणालास, तुला शिकायचं होतं. बस्स. मी हे कोणाला बोलले नव्हते, आईलासुद्धा नाही. तुला दिसलं होतं. तेवढ्यासाठी तू देवीला खोटं पाडायला निघालास, आणि आपल्या गावात हे उघडं पडलं असतं तर तुझी धडगत नव्हती. मला आजही विश्वास बसत नाही की माझ्यासाठी कोणी एवढं केलं होतं आणि मी त्यालाच पंचवीस वर्षं शहाणपण शिकवत होते.

पण तू म्हणजे तू. नुसतं जिंकून गप्प बसवलं नाही तुला. थोड्या वेळाने म्हणालास, 'उचलला मीच. पण उचलायचं कवा ठरवलं, ते नाय आठवत. बघितलं तर हात वर गेलेला.'

आपला वाद तिथे तुटला. त्यानंतर तुझं बोलणं जवळजवळ बंदच झालं. मला उत्तर द्यायचं होतं ते आज देते. तो खुर्चीतल्या माणसाचा प्रयोग आता तितका पक्का राहिलेला नाही. नवी माणसं म्हणतात, ती मेंदूतली आधीची गडबड म्हणजे निर्णयच असं नाही, ते आपलं नुसतं वरखाली होणंही असेल, आणि ठरवणं उशिराच होत असेल. म्हणजे तू जिंकलास असं नाही, पण मी हरले असेन. तुला हे आधी सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास ते मी किती वेळा मनात रंगवून बघितलं. तू चहा मागितला असतास.

आणि मग ते तुझं 'नको'.

गेल्या महिन्यात तुझं गिळणं थांबलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटात नळी घालू, काही महिने मिळतील. तू मान हलवलीस. मान तर तुझी सारखीच हलायची, म्हणून त्यांनी अक्षरांची पाटी पुढे धरली. तीनदा बोट घसरलं. चौथ्यांदा नीट टेकवलंस, आधी न, मग क. त्या मला बाहेर घेऊन गेल्या. तरुण मुलगी, माझ्या विद्यार्थिनी असतात त्या वयाची. म्हणाली, या आजारात माणसाची इच्छाच मरून जाते, कशातच जीव राहत नाही. 'हे नको त्यांचं आहे का आजाराचं? तुम्ही जवळच्या आहात, तुम्ही सांगा.'

माझ्या जन्मभराच्या बडबडीप्रमाणे उत्तर सोपं होतं. काही फरक नसतो बाई, आजार काय नि माणूस काय, शेवटी पेशीच. एवढं बोलायचं होतं आणि ते तोंडातून निघेना. 'त्याचं नाही, आजाराचं' म्हटलं असतं तर नळी घातली असती, आणि तू तिच्यासकट महिने काढले असतेस, हात बांधून, कारण तू ती ओढून काढली असतीस. मी म्हटलं, त्याचं आहे. कशावरून, तिने विचारलं. मी म्हटलं, बोट टेकवायच्या आधी त्याने श्वास धरला होता.

तिला काय कळलं असेल कोण जाणे. तिने लिहून घेतलं, मी सही केली. त्यानंतर तू अकरा दिवस होतास. ते अकरा दिवस मी तुझ्या उशाशी बसून एकच गोष्ट घोळवत होते: खरंच धरला होतास का श्वास, की मला दिसायला हवा होता म्हणून दिसला? आजही सांगता येत नाही. तू जाताना माझ्याकडे बघत होतास की भिंतीकडे, तेही सांगता येत नाही. तुझी नजर ठरायचीच नाही. तुझं 'नको' मी पाळलं असेन, नाहीतर तुला उपाशी मारलं असेन. मधलं काही नाही. माफी मागायची तर कशाची मागू तेच कळत नाही, दादा. पण तू नको म्हणाल्यावर मी तिथे नळीला हो म्हटलं असतं, तर आज तुला लिहायला तोंड राहिलं नसतं, एवढं नक्की.

बारा वाजत आले. केतकीला मी विचारणार नाही. रोज सकाळी मी माझे हात बघते, टेबलावर पालथे ठेवून. वर्गात फळ्यावर रेघ मारली की दोन पावलं मागे जाते, सरळ आहे ना बघायला, मुलांना वाटतं बाई फार टापटिपीच्या. मला त्रेपन्न पुरी झाली. अजून सरळ आहे. विचारलं आणि 'आहे' निघालं, तर उरलेले चांगले दिवस मी त्या हातांवर पहारा करण्यात घालवीन, आणि माझ्या लेकीला मला बघावं लागेल, आणि मला बघताना स्वतःलाही. मी तुला बघितलं तसं. म्हणून नाही विचारायचं. ठरलं.

इथवर दुपारी लिहिलं होतं. आता सहा वाजून गेलेत.

केतकी आली. चपला काढल्या, तुझ्या फोटोला नमस्कार केला, पोहे खाल्ले. तू तिला लहानपणी मातीचे उंदीर करून द्यायचास ते आठवून हसली. गाडीत कोण भेटलं, ऑफिसात काय चाललंय, सगळं बोलली. मी विचारणार नव्हते. तिच्यापुढे चहाचा कप ठेवला, आणि माझाच आवाज मला ऐकू आला. मी म्हणत होते, सांग.

केव्हा ठरवलं, देव जाणे.

ती म्हणाली, 'नाहीये, आई. माझ्यात नाहीये. सुटलो आपण.'

सव्वीस वर्षं पोरांच्या थापा ऐकत आलेय मी. थाप मारणारं मूल नेहमी एक वाक्य जास्त बोलतं. तिच्यात नसलं तर ती सुटली, मी नाही सुटत, हे तिनेच मला चौकटी काढून शिकवलं होतं. इतकी हुशार पोर 'आपण' म्हणून गेली. आणि बोलताना ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती. तिच्यात आहे, दादा. माझ्यातही आहे.

मी म्हटलं, बरं झालं गो बाई, देव पावला. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हसलेसुद्धा. ती आंघोळ करते म्हणाली आणि न्हाणीघरात गेली, नळ पूर्ण सोडला. बादली भरली, वाहायला लागली, तरी नळ बंद होईना. मी दाराशी गेले. पाण्याच्या आवाजाखाली ती रडत होती. दार वाजवायला मी हात उचलला होता. वाजवलं असतं तर तिला बाहेर येऊन मला खरं सांगावं लागलं असतं, आणि ते तिला आज झेपलं नसतं. मी हात खाली घेतला.

या दिवसांत आमची टाकी संध्याकाळपर्यंत रिकामी होत येते. पाणी संपलं असतं तर नळ थांबला असता, आणि तिचं रडणं मला ऐकू येतंय हे तिला कळलं असतं. मी मागच्या दारी गेले आणि मोटर चालू केली.